सड्यावरचं आवार : प्रकल्प नोंदी, २०२५

१६ जानेवारी, गुरुवार

महाविद्यालयाच्या आवाराचा आराखडा करायचं काम हातात आलं. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला सडा, म्हणजे जांभ्या खडकाचं पठार, एकूण ३८ एकर. त्यातल्या जेमतेम अकरा एकरांवर आजचं महाविद्यालय उभं आहे. मुलं अठराशे. पुढे विद्यापीठ व्हायचा बेत असल्यामुळे चार हजार धरून आराखडा करायचा.

संस्थेनं एक जुना नकाशा हाती ठेवला. मोठं प्रवेशद्वार, तिथून सरळसोट रुंद रस्ता, मधे कारंजं आणि टोकाला खांबवाली प्रशासकीय इमारत. ग्रंथालय त्या इमारतीच्याही मागे. समितीच्या एका सदस्यांना हे फार आवडतं. म्हणाले, "गेटातून आलं की कसं भारदस्त वाटलं पाहिजे." भारदस्त वाटेलही, पण गेटातून कोण येतं? मुलं मागच्या बाजूनं, बसथांब्याकडच्या गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, तीन चिरे पडलेली फट आहे, तिच्यातून येतात. आज दीड तासात त्या फटीतून दोनशेच्या वर मोजली. पुढच्या गेटातून गाड्या आल्या आणि एक कुत्रा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर नुसतं चालले. सोबत ऑफिसातला शिकाऊ मुलगा, त्याच्या हातात टेप आणि स्टॉपवॉच.

आवाराचा आराखडा इमारतींपासून सुरू करतात, मी वेळापत्रकापासून करते. दोन तासांच्या मधे दहा मिनिटं सुटी. त्यातली दोन-तीन वर्गातून निघण्यात आणि जिन्यावर जातात, एखादं मिनिट पुढच्या वर्गात टेकण्यात. उरतात पाच-सहा. माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हणजे पाच मिनिटांत ३६० मीटर. सगळ्या विभागांची मुलं जिथे जातात ते वर्ग, ग्रंथालय, कँटीन या वर्तुळात बसले पाहिजेत. जुन्या नकाशात विज्ञान विभाग ते ग्रंथालय ६२० मीटर भरतात, म्हणजे साडेआठ मिनिटं, तीही फेब्रुवारीत. हातात छत्री आणि पायाखाली पाणी असताना वेगळा हिशेब.

पायवाटा सगळ्या टिपल्या. नऊ निघाल्या. आहे त्या फरसबंद रस्त्यांशी त्यातल्या दोनच जुळतात. बाकीच्या तिरक्या, हिरवळीच्या पोटातून गेलेल्या. एके ठिकाणी "येथून जाऊ नये" अशी पाटी आहे आणि पाटीच्या दोन्ही बाजूंनी वाट गेली आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सर्व्हेअरचा कंटूर नकाशा आला, म्हणजे जमिनीच्या समान उंचीच्या रेषांचा. दर एक मीटर उंचीला एक रेषा. सडा जवळपास सपाट, पश्चिमेला उतार, खाली गावाची कुळागरं, म्हणजे सुपारीच्या बागा.

दुचाक्यांची जागा ठरवली. गोव्यात कॉलेजला येणारं पोर स्कूटरवरच येणार, हे गृहीत धरूनच बसायचं. ९०० दुचाक्या, एकीला फिरायच्या जागेसह तीन चौरस मीटर, एकूण २,७०० चौरस मीटर, म्हणजे पाऊण एकराला थोडं कमी. ईशान्येला एक मोकळा तुकडा आहे. सपाट, झाड एकही नाही, खोदकाम नाही. लगेच आखून टाकला.

माळीमामा बाजूला उभे होते. म्हणाले, "हांगा उदक रावता, बाये." पाणी किती राहतं, असं विचारलं तर त्यांनी पोटरीपाशी हात धरला. वहीत लिहून घेतलं. नकाशात बदल केला नाही. कंटूर सपाट दाखवत होते ना!

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ पाहायला गेलो. समितीचे दोघे सोबत. १९८५ मध्ये विद्यापीठ सुरू झालं; त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, त्यातूनच हे उभं राहिलं. जागा सव्वाचारशे एकरांच्या घरात. पठाराच्या कडेवरून जुवारी नदी दिसते तेव्हा समितीचे सदस्यसुद्धा दोन मिनिटं बोलायचे थांबले.

तिथली पाहायची गोष्ट म्हणजे झाडांच्या सावलीत गेलेला रस्ता आणि मोकळा ठेवलेला सडा. परत येताना गाडीत "आपल्याकडेही असंच पसरून करूया" असं सुरू झालं. सव्वाचारशे एकरांचा सदरा ३८ एकरांच्या अंगावर घालायचा म्हणजे बाह्या जमिनीला लागणार. आपल्याला दाटीनं बांधायचं आहे, आणि उरलेलं खरोखरच उरवायचं आहे.

११ मार्च, मंगळवार

कानपूरच्या आय.आय.टी.चा जुना आराखडा काढून बसले. संस्था १९५९ची, आराखडा अच्युत कानविंदे यांचा. माणूस आपल्या शेजारचा, सिंधुदुर्गातल्या आचऱ्यात १९१६ साली जन्मलेला. हार्वर्डला ग्रोपियस या नामवंत वास्तुरचनाकाराच्या हाताखाली शिकला. त्यानं गाड्या बाहेरच्या बाहेर ठेवल्या आणि ग्रंथालय, वर्ग, प्रयोगशाळा छपराखालच्या वाटांनी एकमेकांना जोडल्या. वाटेला इमारतीइतकाच मान आहे. तिथे ऊन आणि लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, अडवायची होती. आपल्याला तिरपा पाऊस अडवायचाय. पण आधी वाट, मग इमारत हा क्रम तोच.

समितीला दाखवलं. "कानपूर कुठे, डिचोली कुठे!" असं उत्तर आलं. आचऱ्याचं सांगितल्यावर मात्र एक सर जरा पुढे सरकून बसले. गाववाला निघाला की अर्धं काम होतं.

२७ मार्च, गुरुवार

साइट ऑफिसच्या शेडसाठी खुंट्या ठोकायला गेलो तर टिटवीनं डोकं खाल्लं. घिरट्या, ओरडा, अंगावर झेप. मामांनी थांबवलं आणि खाली बोट दाखवलं. उघड्या खडकावर, नुसत्या खड्यांच्या खळग्यात चार अंडी, जांभ्याच्याच रंगाची, वर काळे ठिपके. माझा पाय वीतभरावर होता. शेड तीस मीटर सरकवली. कंत्राटदाराचा मुकादम म्हणाला, "मॅडम, टिटवीचं पत्र आणा, मग इस्टिमेटात दाखवतो."

९ एप्रिल, बुधवार

समितीला घेऊन फोंडा तालुक्यात देवळं पाहायला. सहल म्हणून सगळे आले, मी मात्र वही काढली. मंगेशीच्या आवारात दोन तास बसलो.

कॅम्पस कसा असावा याचा धडा परदेशी मासिकांत शोधायची काय गरज? चारी बाजूंनी अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या खोल्या, तिला पडवी, मधे प्रांगण, त्यात दीपस्तंभ, बाजूला तळी. राहायची सोय, जेवण, कीर्तन, नाटक सगळं या एका आवारात होत आलंय. आणि लोक बसतात कुठे? प्रांगणाच्या मधोमध कोणी बसत नाही. बसतात कडेला, पाठ टेकायला भिंत, डोक्यावर सावली आणि समोर येणारे-जाणारे दिसतील अशा जागी. घराच्या सोप्यावर बसतात तसेच. आजच्या मोजणीत ६४ जण बसलेले होते, त्यातले ६१ कडेला. उरलेले तिघे फोटो काढत होते.

आपल्या कारंज्याभोवती गोल बाकं आखली आहेत. उन्हात, पाठ उघडी, तोंडं कारंज्याकडे. समिती प्रसादाला गेली तेव्हा मी ती बाकं खोडली.

२ मे, शुक्रवार

साडेबाराला आवारात बांबू उभा केला. सावली दिसेना! गोलाकार पायाशी गोळा होऊन बसली. आपण साडेपंधरा अक्षांशावर, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि मग ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारी उत्तरेकडे झुकलेला असतो. "उत्तरेच्या खिडकीला छज्जा नको" असं लिहिणाऱ्यांनी एकदा इथे येऊन बांबू रोवावा. अर्थात त्या दिवसांतलं बरंचसं ऊन ढगच खातात, पण मेमध्ये परीक्षा असतात आणि ढग नसतात. खरा त्रास पश्चिमेचा. तीन ते सहा ऊन आडवं येतं, त्याला छज्जा पुरत नाही. पश्चिमेला जिने, शौचालयं, कोठारं आणि समोर झाडं. वर्ग लांबट, पूर्व-पश्चिम पसरलेले, तोंड उत्तर-दक्षिण.

झाडांची यादीही पुरी झाली. माट्टी, किंदळ, कुंभा, जांभूळ, काजू आणि मधल्या काळात सरसकट लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ. १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली तोडायला वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे आधी झाडं नकाशात बसवली, मग इमारती त्यांच्यामधून नेल्या. ग्रंथालयाला एक कोपरा आत दुमडावा लागला. माट्टी गोव्याचा राज्यवृक्ष, त्याच्यासाठी एवढं चालतं. स्ट्रक्चरवाले मात्र चिडले आहेत.

२६ मे, सोमवार

पाऊस पाच-सहा जूनला धरून सगळं वेळापत्रक बसवलं होतं. यंदा तो केरळात २४ मेलाच लागला आणि इथे आधीपासूनच कोसळतोय. मामांचा फोन : "पळोवंक यो." बघायला ये.

गेले. माझं दुचाकी पार्किंग म्हणजे तळं झालं होतं. मधोमध मामा उभे, पाणी पोटरीच्या वर, हातात काठी. बेडूक इतके ओरडत होते की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मामा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

काठीवर ४१ सेंटीमीटर. म्हणजे खळगा फार तर अर्ध्या मीटरचा, आणि कंटूर एक मीटरचे. दोन रेषांच्या मधे तो आरामात झोपला होता. सर्व्हेअरची चूक नाही; त्यानं मागितलं तेच दिलं. सड्यासाठी पाव मीटरचे कंटूर मागवायला हवे होते. आणि फेब्रुवारीत माणसानं तोंडानं सांगितलं होतं, ते वहीत राहिलं.

काठी तिथेच रोवून ठेवली. मामा दर आठवड्याला मोजून सांगणार.

१९ जून, गुरुवार

खळगा बुजवावा का, यावर समितीत तासभर. भराव घालून पाइपानं पाणी पश्चिमेला सोडा, असं अभियंत्यांचं म्हणणं. खर्चाच्या दृष्टीनं बरोबर आहे.

पण पश्चिमेला काय आहे? जांभ्याचा वरचा थर कडक, खाली तो भोकाभोकांचा. पावसाळाभर पाणी त्यात हळूहळू मुरतं आणि सड्याच्या पायथ्याशी झर होऊन निघतं. त्या झरीवर खाली सुपारी, केळी, मिरीची कुळागरं उभी आहेत. वर फरशी घातली की तेच पाणी एका दुपारी माती घेऊन कुळागरात उतरणार आणि मार्चमध्ये झर आटणार. साधा हिशेब मांडला : नवी छपरं ६,००० चौरस मीटर, पाऊस वर्षाला तीन मीटरच्या आसपास, म्हणजे एक कोटी ऐंशी लाख लिटर पाणी. तासाला शंभर मिलिमीटरची सर आली तर दर हजार चौरस मीटर छपराला सेकंदाला २८ लिटर. हे एका पाइपात कोंबायचं आणि शेजाऱ्याच्या बागेत सोडायचं?

थोडं टाकीत साठवू, शौचालयांना आणि बागेला. बाकीचं उथळ चरांतून फिरवत खळग्यापर्यंत नेऊ आणि तिथे मुरू देऊ. पार्किंग तीन तुकड्यांत, गेटांपाशी, खडीवर. ठराव झाला नाही, पण "नाही" असंही कोणी म्हणालं नाही.

८ जुलै, मंगळवार

आजचा दिवस नुसता कॉरिडॉरमध्ये उभी राहून काढला. सगळ्यात कामाचा दिवस.

जुन्या इमारतीचा कॉरिडॉर २.४ मीटर रुंद, वळचण ३.३ मीटरवर. वाऱ्याबरोबर पाऊस ४५ अंशांत आला की जितकी वळचण उंच तितकं पाणी आत. म्हणजे पूर्ण कॉरिडॉर ओला आणि वर भिंतही. पावणेअकराची घंटा झाली. चार वर्गांतली मुलं बाहेर आली ती भिंतीला चिकटून, एकामागे एक, मुंग्यांसारखी. दप्तरं पोटाशी. एक मुलगी मधेच थांबली, चप्पल काढली, हातात घेतली आणि पुढे गेली. प्रवेशाशी गुळगुळीत पॉलिश केलेला ग्रॅनाइट आहे, त्यावर पोती अंथरलेली. पोत्यावरून पाय सरकू नये म्हणून पोत्यावर वीट. म्हणजे आता विटेला अडखळायचं.

आणि छत्र्या! वर्गात साठ मुलं, साठ ओल्या छत्र्या. बाकाखाली, खिडकीच्या गजाला, पंख्याच्या रेग्युलेटरला अडकवलेल्या. फळ्यापर्यंत पाण्याचे ओघळ. रेनकोट जिन्याच्या कठड्यावर वाळत, त्यामुळे कठडा धरता येत नाही. वर्षातले चार महिने असा पाऊस पडणाऱ्या प्रदेशात मी वीस वर्षं इमारती आखते आहे आणि ओली छत्री ठेवायची जागा आजवर एकाही नकाशात काढली नव्हती.

वाटेचा नवा छेद, म्हणजे उभा काप दाखवणारं चित्र, रात्री काढला. वाट तीन मीटर रुंद, वळचण २.२ मीटरवर आणि जोत्याच्या कडेपासून ९० सेंटीमीटर बाहेर. पाऊस १.३ मीटर आत येईल, १.७ कोरडे राहतील. दोन मुलं दप्तरांसकट शेजारी चालतील. आजीच्या घराची पडवी इतकीच खाली होती, उंच पाहुणे वाकून आत येत. पायाखाली टाचलेला खडबडीत चिरा, दर वर्षी शेवाळ घासायची तरतूद देखभालीत. वर्गाबाहेर छत्र्या अडकवायचे आकडे आणि खाली पन्हळ.

२४ जुलै, गुरुवार

व्हीलचेअरवरची एक विद्यार्थिनी आहे, दुसऱ्या वर्षाला. तिच्याबरोबर तिच्या वाटेनं गेले. मुख्य दारापाशी जोतं ६० सेंटीमीटर, म्हणून उतरण मागच्या दाराला, कँटीनच्या कचऱ्याच्या डब्यांशेजारी. मापानं चूक नाही : एकास बारा, ७.२ मीटर. ती म्हणाली, "उतरण बरी आहे. पण मैत्रिणी पुढून जातात."

पावसामुळे जोतं खाली आणता येत नाही. मग जमीनच वर न्यायची. पुढची वाट एकास वीसच्या चढानं बारा मीटर नेली की दारापाशी पायरीच उरत नाही. सगळे त्याच वाटेनं. प्राध्यापकांच्या गुडघ्यांचीही सोय झाली, हे समितीत आधी सांगायचं. पटकन मंजूर होईल.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मंजूर झालं. गुडघ्यांमुळेच. काठी : ३६.

९ सप्टेंबर, मंगळवार

चतुर्थीची सुट्टी संपवून आले तर खळग्याची कड जांभळी झालेली. सीतेची आसवं, मधेमधे गेंदाचे पांढरे गोंडे. गुडघे टेकून पाहिलं : फूल तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, देठ केसासारखा, आणि खाली ओल्या मातीत किडे धरणारे बारीक फुगे. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम वर्गच घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, इतकी वर्षं फील्ड ट्रिपला बस करून लांब जात होतो.

समितीला फोटो पाठवले. एका सदस्यांचा लगेच निरोप : "फार सुंदर. सभोवती पायऱ्या, मधे कारंजं, रात्री रंगीत दिवे करता येतील." जानेवारीतलं कारंजं अजून मेलेलं नाही. उत्तर लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी एवढंच कळवलं की दिवे हवेतच, पण वसतिगृह ते ग्रंथालय या वाटेवर. ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडं असतं आणि मुली आठलाच उठून जातात, त्याचं कारण तो शेवटचा शंभर मीटर अंधार. रंगीत दिव्यांचे पैसे तिकडे वळवावेत. मुलींच्या प्रतिनिधीला प्रत पाठवली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

अंतिम आराखडा सादर. मुख्य रस्ता उरला, पण अर्ध्या रुंदीचा, आणि दोन्ही कडांना झाडं. ग्रंथालय मधे आलं. सगळ्यात लांबचा वर्ग तिथून ३४० मीटर. बसथांब्याकडच्या फटीचं रीतसर दुसरं गेट झालं. खांब राहिले. काही तरी द्यावंच लागतं.

क्वांटिटी सर्व्हेअरचा, म्हणजे सामान आणि खर्च मोजणाऱ्याचा, प्रश्न आला : "आकडे, पितळी, प्रत्येक वर्गाबाहेर ६० नग. कशासाठी? पंखे का?" कळवलं. तासाभरानं त्याचा फोन : पितळी चोरीला जातील, स्टीलचे लावूया. बरोबर आहे. बदललं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काठी कोरडी. मामांनी उपटून माझ्या हातात दिली, त्यावर सुरीनं केलेल्या पंचवीस खुणा.

तळाचा चिखल फुटून भेगा पडल्यात आणि त्यात खुरांचे ठसे, दोन-तीन म्हशींचे तरी. ठशांमागून गेले तर ते पूर्वेकडच्या हद्दीपर्यंत गेले, तिथे जुना गडगा गुडघ्याएवढाच आहे. पलीकडे वाड्यावरची घरं. मामा म्हणाले, म्हशी पावसाळाभर इथे येतात, आणि त्यांच्यामागून शाळेची पोरंही याच वाटेनं खाली उतरतात.

आपल्या कुंपणाच्या नकाशात त्या बाजूला सलग १८० मीटर भिंत आहे, दोन मीटर उंच. संध्याकाळी फाटक काढलं. रुंदी दीड मीटर घेतली होती. मामांना विचारून दोन केली, गाभण म्हैस दीडातून जात नाही.